फरशीखालची बाग

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या अंगणात फरशी बसली आणि पुढच्याच आठवड्यात मला बाग हवी झाली. दोन्हीला मीच जबाबदार. पावसाळाभर घरात चिखल येतो म्हणून फरशीची भुणभुण मीच लावली होती. आमच्या ह्यांनी, म्हणजे विनायकरावांनी, ते काम असं मन लावून करून घेतलं की पायरीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत बोटभरही माती दिसू नये. हे पाटबंधारे खात्यात कारकून आहेत. सगळा जन्म पाण्याच्या फायली हलवण्यात गेला, पण घरच्या एका झाडाला कधी तांब्याभर पाणी घातलेलं मी पाहिलेलं नाही. शब्दसुद्धा सरकारी स्टेशनरीसारखे जपून वापरतात.

मी त्यांच्या अगदी उलट. देऊळगाव राजाला हायस्कूलमध्ये शिकवते, आणि दर वर्षी गॅदरिंगचं नाटक बसवते. पोरांपेक्षा जास्त मीच नाचते अशी गावभर ख्याती आहे. तेव्हा माझं आजारपण साधं, गुपचूप होणं शक्यच नव्हतं.

हे मी लिहिते आहे ते त्यांच्यासाठी, जे आत्ता एखाद्या दवाखान्यात एका हाताला सुई लावून दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत बसलेत. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगते.

नाव तर गोड आहे

जबड्याखाली गाठ लागली ती वेणी घालताना. दुखत नव्हती म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दुखत नाही तेच दाखवायचं असतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही तेवढं आधी करा. आधी जालना, मग संभाजीनगर, तपासण्या, सुया, आणि एका दुपारी मोठ्या दवाखान्यात आम्ही दोघं एका तरुण डॉक्टरांसमोर बसलो. ते माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यासारखे दिसत होते, म्हणून त्यांचं माझ्याकडे न बघता फायलीत बघून बोलणं मला खटकलं.

"लिम्फोमा आहे," ते म्हणाले.

"नाव तर गोड आहे," मी म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. हे तर टेबलाच्या कडेला धरून बसले होते. पुढे डॉक्टर बराच वेळ धीराचं बोलले. उपचार चांगले आहेत, बहुतेक लोक बरे होतात वगैरे. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. कानात नुसता पंखा फिरत होता. ऐकू आलं ते शेवटचं: गर्दी टाळायची, कच्चं खायचं नाही, घरात ताजी फुलं नकोत, कुंड्या नकोत. मातीत हात घालायचा नाही.

आता गंमत बघा. आमच्या घरात एक तुळस सोडली तर कुंडी नव्हती, आणि तिलाही पाणी शेजारच्या मंदाकाकू घालायच्या. मातीशी माझा संबंध फक्त चपलेला लागलेल्या चिखलापुरता. पण मनाई झाली आणि मला नेमकी मातीच हवीशी वाटली. वर्गात ज्या गोष्टीला बंदी असते तीच मधल्या सुट्टीत हवी होते, हे मी रोज बघते.

परतीच्या गाडीत जालना मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरी फुलावर आलेल्या, मधूनच हरभऱ्याचं कोवळं रान. मी काचेला नाक लावून बसले होते.

"अहो," मी म्हणाले, "ती फरशी काढता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आत्ताच तर बसवली."

त्या दिवशी आम्ही नवरा-बायको एवढंच बोललो.

चादरीवरची बाग

केमोचा हॉल म्हणजे एसटीच्या आरामबससारखा. मागे रेलणाऱ्या खुर्च्यांची रांग, प्रत्येकीजवळ सलाइनचा दांडा, प्रत्येकीच्या पायाशी नातेवाइकांसाठी प्लॅस्टिकचं स्टूल. गाडी मात्र हलत नाही. सकाळी सुई लागली की दुपार उतरेपर्यंत तिथेच.

थंडी वाजते म्हणून मी घरून चौकडीची चादर नेली होती. ती पायांवर पसरली, आणि मला दिसलं, की अरे, हे तर वाफे! इंजेक्शनच्या बाटल्यांना रंगीत झाकणं असतात. मी सिस्टरला म्हटलं, "ती फेकू नका, मला बी पेरायचंय." तिने आधी माझा ताप पाहिला. मग हसून धुऊन पुसून मूठभर झाकणं आणून दिली. लाल झाकण म्हणजे काशीफळ, तुमचा लाल भोपळा, हिरवं कारलं, निळं वाल, पिवळं दोडका. मी चौकडीत झाकणं मांडायला लागले.

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "मॅडम, हे काय करून राह्यल्या?"

ह्या कांताताई. लोणार तालुक्यातल्या बीबीच्या अंगणवाडी सेविका. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि समोरच्याची उलटतपासणी घेणारे डोळे.

"बाग करतेय."

"अन् हे हिरवं काय व्हय?"

"कारलं."

"कारलं कायले? तोंडात आधीच कडू कमी हाय का?"

कारलं मी तिथल्या तिथे उपटलं. त्या दिवसापासून आमची तारीख एकच पडू लागली आणि बागेला भागीदार मिळाला. कांताताईंनी पायांकडची एक चौकडी गवती चहासाठी मागून घेतली आणि भाडं म्हणून घरच्या मुगाच्या शिजवलेल्या खिचडीचा डबा आणायला लागल्या. मोगऱ्यावरून आमचं भांडण झालं. त्यांना तो दारात हवा होता, मला न्हाणीच्या सांडपाण्याजवळ. समोरच्या खुर्चीतले आजोबा निवाडा द्यायचे आणि मध्येच झोपून जायचे. हे माझ्या पायाशी स्टुलावर बसून तोच पेपर परत परत वाचायचे. वर मान नाही.

एकदा कांताताईंनी सगळी चादर नीट न्याहाळली. "मॅडम, एक इचारू? तुमच्या बागेत झाड नाही एकबी. सगळे वेलच वेल. काऊन?"

"जागा नाही हो."

"एवढ्या मोठ्या चादरीत?"

मी हसले आणि झाकणं गोळा केली. खरं कारण तुम्हाला सांगते, कारण तुमच्याही मनात ते येईल. दोडका, वाल, काशीफळ, सगळ्यांना दोन-अडीच महिन्यांत फळ धरतं. तेवढं मला मागता येत होतं. झाडाला वर्षं लागतात. ती मागायला माझी जीभ उचलेना. मी काहीही बोलू शकणारी बाई, आणि मला 'पेरूचं झाड' एवढे दोन शब्द बोलता येत नव्हते.

तोंडाची चव आणि डोक्याचे केस

हिवाळ्यात आमच्याकडे खायची चैन. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा टहाळ, हुरडा, भरीत, बोरं. आणि मला सगळ्याला लोखंडाची चव. भाकरी म्हणजे कुलूप, वरण म्हणजे साखळी. पोरगी पल्लवी पुण्याहून फोनवर रोज विचारायची, "आई, आज काय जेवलीस?" मी म्हणायचे, "फाटकाची कडी." ती बिचारी आधी हसायची आणि मग फोन बाबांकडे द्यायला सांगायची.

एकच गोष्ट लागायची. लिंबू. तोंड आलेलं नसेल तेव्हा ह्यांनी लिंबू स्वच्छ धुवायचं, कापायचं, कोमट पाण्यात पिळायचं आणि चमच्याने मीठ टाकून माझ्यासमोर ठेवायचं. ज्या माणसाला गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो हे माहीत नव्हतं, तो बाजारात लिंबं दाबून दाबून घ्यायला शिकला. पातळ सालीचंच आणायचे. कोणी शिकवलं, कधी बोलले नाहीत.

केस गेले ते दुसऱ्या केमोनंतर. उन्हात अंगणात खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावरून हात फिरवला तर हातात झुपका. मग दुसरा. वाऱ्याने ते नव्या फरशीवर पसरले. मी बघत राहिले. हे आतून आले, कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि झाडायला लागले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्यांच्या हातात केरसुणी पहिल्यांदा पाहिली. उलटी धरली होती.

"फरशी आहे म्हणून सापडतात तरी," ते म्हणाले. "मातीत काय सापडले असते?"

मी इतकी हसले की मंदाकाकू भिंतीवरून डोकावल्या. केरसुणी उलटी बघून त्याही हसल्या. मग हसता हसता मला रडू आलं आणि हे माझ्या खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले, मला दिसणार नाही असे.

संक्रांतीचं बोलणं

संक्रांतीला गर्दी नको म्हणून मी गल्लीतल्या बायांना निरोप धाडला, की हळदीकुंकू फाटकाबाहेरून होईल. आल्या. तोंडाला मास्क, हातात तिळगूळ, रांग लावून फाटकाबाहेर उभ्या. मी ओसरीच्या पायरीवर, डोक्याला जरीचा रुमाल गुंडाळून. सांगा, एवढा प्रेक्षक समोर असल्यावर माझ्यासारखीने काय करायचं?

मी हात पसरले आणि सगळी बाग सांगितली. इथे मांडव, तिथे मोगरा, भिंतीवर वाल. बाया माना डोलावत होत्या. मंदाकाकू ओरडल्या, "पर फरशी?"

"फरशी गेली! आखाजीला या सगळ्या," मी म्हणाले. "एकतर माझ्या हातचं आळं बघायला या, नाहीतर माझी घागर पुजायला या. दोन्हीकडून जेवण आहे!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे ही दोन कामं असतात. मातीची नवी घागर आणायची, पाणी भरायचं, वर खरबूज ठेवायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पुजायची, की भर उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळावं. आणि त्याच दिवशी आळं करून वेलांचं बी टोचायचं, कारण त्या दिवशी लावलेलं सरत नाही म्हणतात.

कोणी हसलं नाही. मंदाकाकूंनी तिळगूळ फाटकाच्या खांबावर ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. हे दारात तिळगुळाचा डबा घेऊन उभे होते. ते वळले आणि आत गेले.

मी मागोमाग गेले. मोरीतला नळ जोरात चालू होता. खाली बादली नव्हती.

"अहो, गंमत केली."

"तुही गंमत होते," ते नळाकडे बघत म्हणाले. "तू बोलते, लोक हसतात, तुले बरं वाटते. मी त्या स्टुलावर बसून रायतो. मले नाही येत हसू."

एवढी लांब वाक्यं, तीही त्यांच्या गावच्या बोलीत, मी फार दिवसांनी ऐकली. माझी भीती मी चारचौघांत काढत होते, रंगीत झाकणं लावून. त्यांच्या भीतीला पाण्याच्या आवाजाचा आडोसा लागत होता. मी नळ बंद केला नाही. शेजारी उभी राहिले. बरंच पाणी वाया गेलं. पाटबंधारे खात्याने माफ करावं.

आजारी माणसाच्या घरच्यांनाही कोणीतरी विचारा, एवढंच ह्या भागात सांगायचं होतं.

रिकामी खुर्ची

पुढच्या तारखेला कांताताईंची खुर्ची रिकामी. मी सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, "बघते." कोणी 'बघते' म्हणालं की तिथे माणसाचा जीव कसा होतो, ते तिथे बसलेल्यांनाच ठाऊक. मी चादर पसरली नाही. समोरच्या आजोबांनी खुणेने विचारलं, बाग? मी मान हलवली.

फोन लावायला बोट जात नव्हतं. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला, माझ्या हातातला फोन घेतला, लावला आणि माझ्या कानाला धरला.

"हॅलो," पलीकडून.

मी ह्यांचा हात कानाशी घट्ट दाबला.

"कोन हाय? मॅडम व्हय का? मेली नाही हो मी! ताप आलता, तारीख पुढं ढकलली. माह्या गवती चहाले पाणी देऊन राह्यल्या ना?"

मी ताबडतोब चादर पसरली आणि पाणी दिलं. सिस्टरच्या ग्लासमधून, खरंखुरं. चादर ओली केली म्हणून ओरडा खाल्ला.

केबिनच्या आत

होळी झाली, शेवटची केमो झाली, आणि उन्हं चढायला लागल्यावर शेवटचं स्कॅन झालं. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं आणि म्हणाले, "छान आहे. गाठी दिसत नाहीत. आता दर काही महिन्यांनी भेटायचं." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डॉक्टरांकडे बघत होते. मी उठले, दारापर्यंत आले, तर हे अजून आतच. दार लोटलं गेलं.

मी बाकावर बसून राहिले. बराच वेळ. आपल्याकडे खरं काय ते पेशंटला सांगत नाहीत, नवऱ्याला बाजूला घेऊन सांगतात. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून हेच केलं होतं. त्या शेवटपर्यंत "बरं वाटतंय ना आता" या प्रश्नाला हो म्हणत राहिल्या.

हे बाहेर आले. "चल."

"काय म्हणाले?"

"काही नाही. छान आहे म्हणाले."

गाडीत मी एकही विनोद केला नाही. फोनवर पल्लवी आनंदाने ओरडत होती आणि मी 'हो हो' करत होते. पुढचे दिवस घरात सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी ह्यांचा चेहरा वाचत होते. त्यावर काही लिहिलेलं नसतं, हे मला आधीपासून माहीत होतं. तरी वाचत होते.

आखाजी

आखाजीला पल्लवी आली होती. सकाळी स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, आंब्याचा रस काढायचा होता. हे स्कूटर घेऊन कुंभाराकडे गेलेले. आमच्या घरी दर वर्षी एकच घागर येते, सासू-सासऱ्यांच्या नावाची.

स्कूटर फाटकाशी थांबली. मी खिडकीतून पाहिलं. पायाशी एक घागर, आणि मागच्या सीटवर दोरीने बांधलेली दुसरी.

हातातला आंबा खाली पडला. दोन. मला संक्रांतीचं माझं बोलणं आठवलं, लोटलेलं केबिनचं दार आठवलं. पण माणूस जिवंत असताना कोणी घागर आणतं का? डोकं असं म्हणत होतं, पण नजर त्या दोरीवरून हलेना. मी ओट्याला धरून उभी राहिले. पल्लवी म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आंबा पडला."

एक घागर त्यांनी देवघरात नेऊन ठेवली. दुसरी घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेले, भिंतीजवळ, जिथे सकाळचं ऊन येतं. मग खण्ण असा आवाज आला. पुन्हा खण्ण.

मी धावत बाहेर आले. हे पहार घेऊन फरशी उचकटत होते. बनियन घामाने भिजलेलं. एक फरशी निघाली, दुसरी अर्धी तुटली. खाली काळीभोर ओली माती. तिचा वास आला आणि मला एकदम भूक लागली.

"अहो! हे काय?"

त्यांनी घागर उचलून मला बूड दाखवलं. बुडाला बारीक भोक आणि त्यातून ओढलेली सुती वात.

"मातीत गाडायची. वातीतून पाणी झिरपते हळूहळू, झाडाले पुरते. मीच पाडलं भोक. पहिली फुटली, कुंभारापाशी बसूनच दुसरी केली."

"कुठल्या झाडाला?"

स्कूटरच्या हुकाला एक पिशवी लटकत होती. तिच्यातून हातभर उंचीचं रोप डोकं बाहेर काढून बघत होतं. पानाला मी बोट लावलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं.

लिंबू.

"डॉक्टरांशी आत काय बोलत होतात?" मी विचारलं.

"माती चालते का, म्हणून. मंग किती दिवसांनी. मंग हातमोजे घालून चालते का. त्यांले वाटलं आपली शेती हाय." त्यांनी खिशातून रबरी हातमोजे काढले आणि माझ्यापुढे धरले. "आता चालते म्हणाले. तोंडाले रुमाल बांध."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू गावभर केलं असतं."

हे अगदी खरं होतं. पल्लवी दारात उभी राहून रडत होती, हातात पुरणाचा झारा. मंदाकाकू भिंतीवर.

मी मोजे घातले, रुमाल बांधला आणि फरशी निघालेल्या त्या चौकोनात गुडघ्यांवर बसले. रोप लावलं. त्याच्या बाजूला त्यांनी घागर गळ्यापर्यंत गाडली. मग बादली माझ्यासमोर सरकवली.

"आखाजीले तुही घागर भरायची म्हणत होती ना?" ते म्हणाले. "भर. तुह्या हातानं भर."

मी भरली. एक थेंबही सांडला नाही. आमच्या घरातली सगळ्यात चांगली एंट्री त्या दिवशी ह्यांनी घेतली होती. हे मी मान्य करते, पण त्यांना सांगितलेलं नाही.

उरलेल्या जागेत दोडका आणि वाल टोचले. कारलं नाही.

संध्याकाळी कांताताईंना फोन केला. त्यांचंही स्कॅन ठीक होतं. मी सगळं साग्रसंगीत सांगितलं, पहारीचा आवाजसुद्धा काढून दाखवला.

"म्हणजे झाड आलं शेवटी," त्या म्हणाल्या. "पहिलं लिंबू माह्यं."

"अहो, त्याला तीन-चार वर्षं लागतात."

पलीकडे कोणाचं तरी लेकरू ओरडत होतं, एक कोंबडी कलकलत होती.

"थांबीन ना मंग," कांताताई म्हणाल्या. "कुठं जाऊन राह्यलो आपण?"